आपल्यातला भागीनाथ

वर्षाचा फोन आला तेव्हा मी तिच्या वडिलांवर चिडलेलोच होतो. आमचं बोलणं बंद होऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो, फोनवर तिचं नाव दिसलं आणि मनात आलं, आता यानं मुलीला मध्ये घातलं वाटतं. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "बोल." ती म्हणाली, "काका, बाबा गेले." मी विचारलं, "कुठं?" ... आंघोळीला म्हणून तो उठला आणि बाथरूमच्या दाराशीच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता सव्वा महिना होत आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी अजून रागावलेलोच आहे, फक्त तो राग कुणावर काढायला हवा होता, हे उशिरा कळलं.

भागीनाथ शिंदे वैजापूरकडचा. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तो माझ्या बाकावर येऊन बसला आणि तिथून पुढं आमची जोडी कधी फुटली नाही. मी गंगापूरचा, घरची ऊसशेती, शिकायला शहरात मावशीकडं औरंगपुऱ्यात राहायचो. मावशीची पुढची खोली रिकामी होती आणि भागीनाथला खोली हवी होती. मावशी एकटी बाई, तिला भाडेकरू शांत पाहिजे, निर्व्यसनी पाहिजे आणि आपल्यातला पाहिजे. मी त्याला घेऊन गेलो. पत्र्याची पेटी हातात धरून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मावशीनं विचारलं, "आडनाव काय रे तुझं?" तो म्हणाला, "शिंदे." तिनं लगेच विचारलं, "कोणते शिंदे?" हा दुसरा प्रश्न आपल्याकडं फार गोड आवाजात विचारतात. शिंदे सगळ्या जातींत असतात, तेवढ्यावर समाधान होत नाही, मग गाव, मग पाहुणे कुठले, असं करत करत माणसाला कोपऱ्यात घेतात. भागीनाथनं बोलायला तोंड उघडलं होतं, हे मला आजही दिसतं. पण मध्येच मी बोललो, "आपल्यातलाच आहे, मावशी." मला काय माहीत होतं? काहीही नाही. अक्षर सुरेख, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, माझा मित्र, म्हणजे आपल्यातलाच असणार, एवढाच माझा हिशेब. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पेटी खोलीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एक माणूस दारात आला. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला लाल मुंडासं, हातात काठी, खांद्यावर घडी घातलेली घोंगडी. "भागीनाथ हितंच ऱ्हातो का?" म्हणून त्यानं विचारलं. मावशी बाहेर आली, तिच्या मागं मी. भागीनाथ खोलीतून आला, त्यानं त्या माणसाकडं पाहिलं, मावशीकडं पाहिलं आणि म्हणाला, "घोंगडीवाला आहे, आमच्या गावाकडचा. मीच आणायला सांगितली होती." त्या माणसानं काठी भिंतीला टेकवली. मग त्यानं खांद्यावरची घोंगडी काढून ओट्यावर पसरली. आता शेतकऱ्याच्या पोराला भाव करण्याची भारी हौस. मी पुढं होऊन उकिडवा बसलो. लोकर टोचते म्हणालो, कडेला वीण सैल आहे म्हणालो. तो म्हणाला, "लोकर आईनं कातलीय, मालक." मी म्हणालो, "सगळेच असं म्हणतात." मावशी खूश होऊन हसली. मी भाव निम्म्यावर आणला, भागीनाथनं खिशातून पैसे काढून दिले. देताना तो नळाकडं बघत होता. माणूस पाणीसुद्धा न पिता गेला. पुढं मावशी म्हणाली, मेंढराचा वास येतो, घरात नको ही. म्हणून भागीनाथनं ती मला दिली, मी गंगापूरला नेली आणि लग्न झाल्यावर माझ्या घरी आणली. छत्तीस वर्षं माझ्या वाचायच्या खुर्चीवर तीच आहे.

पुढं मी शाळेत मराठी शिकवायला लागलो, तो वाळूजला एका कंपनीत स्टोअर सांभाळायला लागला. लग्न त्यानं गावी जाऊन घाईघाईत केलं, आम्हाला नंतर पेढे दिले. आम्ही चिडवलं, बायको पळवून आणली का म्हणून. दर आठवड्याला तो माझ्याकडं यायचा आणि मी त्याला शाळेतल्या गमती सांगायचो. अभ्यास न करणाऱ्या पोरांना मी वर्गात म्हणायचो, "मेंढरं वळायला जा, तेवढीच तुझी लायकी." हे वाक्य मी त्याला कितीदा नकलेसकट करून दाखवलं असेल... तो हसायचा. सगळ्यांच्या आधी हसायचा. त्याच्या वर्षाला डॉक्टर व्हायचं होतं. सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकली. तेव्हा भागीनाथ म्हणाला होता, "जे मिळेल ते गुणांवर, दुसरं काही नको आपल्याला." मी त्याच्या तत्त्वनिष्ठेवर आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषण ठोकलं होतं. जातीचा दाखला काढला असता तर ती जागा वर्षाची होती. दाखला काढायचा म्हणजे जात लिहायची, आणि ती लिहायची तर मी मावशीला सांगितलेलं 'आपल्यातलाच' खोटं पडत होतं. आज वर्षा एका प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं एका वाचनमंडळात जायला लागलो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांच्या सिडकोतल्या बंगल्यावर दर रविवारी सकाळी सात-आठ जण जमायचो. या वर्षी भागीनाथनं एक जुनी अमेरिकन कादंबरी सुचवली. पुस्तक त्यानं रद्दीवाल्याकडून आणलं होतं आणि शाळकरी मुलासारखं खाकी कव्हर घातलं होतं. नायक काळ्या आईबापांचा, पण रंगानं इतका उजळ की शहरात सगळे त्याला गोरा समजतात. तो खोटं बोलत नाही, फक्त कुणाची समजूत दुरुस्त करत नाही. भागीनाथ वाचायचा आणि लगोलग मराठीत सांगायचा. आम्ही हळहळायचो. अण्णा म्हणायचे, "काय क्रूर समाज हो, नुसत्या कातडीवरून माणसाची किंमत." पोहे यायचे, चहा यायचा, आणि आम्ही अमेरिकेला शिव्या घालून दुपारच्या जेवणाला घरी जायचो. दोन रविवार असे मजेत गेले.

तिसऱ्या रविवारी तो प्रसंग आला. नायकाची बहीण पत्ता शोधत त्याच्याच दारात येते, आणि आत पाहुणे बसलेत म्हणून तो तिला अनोळखी असल्यासारखं सांगतो, पुढच्या गल्लीत विचारा. एवढं वाचून भागीनाथ थांबला. अण्णांनी मान हलवली, "अरेरे, सख्ख्या बहिणीला." भागीनाथनं पुस्तक मिटलं आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, "मी सख्ख्या भावाकडून घोंगडी विकत घेतली होती." मग त्यानं सगळं सांगितलं. वडील मेंढपाळ, आयुष्य रानोमाळ गेलेलं. थोरला भाऊ सखाहरी, ज्यानं मेंढरामागं राहून याला शिकवलं. आई, जिनं पोराला शहरात थंडी वाजेल म्हणून लोकर कातली. "बायको गेली, पोरगी तिच्या घरी सुखी आहे. आता कुणासाठी लपवू?" असं म्हणून तो माझ्याकडं बघत राहिला. आणि मग दोन रविवार अमेरिकेसाठी हळहळणारे अण्णा काय म्हणाले असतील? "म्हणजे भागीनाथराव, नोकरी सवलतीवर का तुमची?" भागीनाथ म्हणाला, "नाही हो, दाखलाच काढला नाही कधी." एक बाई म्हणाल्या, "पण तुम्ही वाटत नाही हो तसे." हे त्यांनी कौतुक म्हणून म्हटलं होतं.

या सगळ्यांवर मी आज दात ओठ खातो, पण मी काय केलं? त्याच्या शेजारी बसलो होतो, चाळीसहून जास्त वर्षांचा मित्र. तो माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "मला इतकी वर्षं खोटं पाडलंस तू. मावशीला काय तोंड दाखवलं असतं मी?" मावशी जाऊन वीस वर्षं झाली होती. भागीनाथ म्हणाला, "खोटं मी कधी बोललो? तू विचारलंच नाहीस. तूच सांगितलंस." मी चपला घालून निघून आलो. त्यानं दोनदा फोन केला, मी घेतला नाही. मला फसवल्याचा राग होता, असं मी बायकोला सांगत होतो. खरं म्हणजे ओट्यावर उकिडवं बसून भाव पाडणारा तो पोरगा मला दिवसभर दिसत होता आणि ते दाखवणाऱ्या माणसाचा मला राग येत होता. चार दिवसांत जाईन, आठ दिवसांत जाईन, म्हणत राहिलो... त्याला तेवढी सवड नव्हती.

तो गेल्यावर पाचव्या दिवशी अण्णांच्या बंगल्यावर शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, सगळं व्यवस्थित. अण्णा बोलायला उठले. म्हणाले, "भागीनाथरावांनी कधी जात मानली नाही. म्हणूनच त्यांनी ती आयुष्यभर सांगितली नाही." लोकांनी माना डोलावल्या. माणूस भीतीनं गप्प राहिला, आणि त्या भीतीचा यांनी मोठेपणा करून टाकला. मी तिथंच उठून बोलायला हवं होतं. मी म्हणालो की मला बरं वाटत नाही, आणि घरी आलो. आता लिहितोय. लिहिणं सोपं असतं, समोर कुणी बसलेलं नसतं.

दहावा कायगाव टोक्याला गोदावरीकाठी झाला. मी घोंगडी पिशवीत घालून नेली होती. ती घरच्यांना परत करावी, म्हणजे आपलं ओझं उतरेल, असा माझा विचार, खरं सांगायचं तर हिशेब. घाटावर शहरातली पाच-सहा माणसं एका बाजूला, गावाकडची पंचवीस-तीस दुसऱ्या बाजूला. वर्षानं मला सखाहरीदादांपुढं नेलं. पंचाहत्तरीचा माणूस, पाठ ताठ, मुंडासं तसंच. ती म्हणाली, "आबा, हे बाबांचे मित्र." मी पिशवीतून घोंगडी काढली. म्हाताऱ्यानं घोंगडीवरून हात फिरवला, कडेनं बोटं नेली, मग माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"तुम्हीच भाव पाडला व्हता नव्हं?"

मी म्हणालो, "हो दादा. मला माहीत नव्हतं..."

"व्हय. त्यालाबी म्हायती व्हतं तुमाला म्हायती नाय म्हून." मग म्हणाले, "दुसऱ्या दिशी सकाळी ष्टँडावर आला व्हता. त्यानं दिल्यालं पैसं आईला देशील नव्हं म्हून इच्यारत व्हता. लई रडला. मी म्हन्लं, रडू नगं, तुजी खोली टिकली ना, मंग झालं."

मी घोंगडी पुढं केली. त्यांनी ती माझ्याच हातांत नीट घडी करून ठेवली. आवाजात राग नव्हता, तेवढा तरी द्यायला हवा होता त्यांनी मला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. "भाव तुमीच केलाय तिचा."

वर्षानं मला ते खाकी कव्हरचं पुस्तक दिलं. ज्या पानावर तो थांबला होता तिथं त्यानं घातलेली बसच्या तिकिटाची चिठ्ठी अजून आहे. पुढची पानं मी एकट्यानं वाचली, डिक्शनरी घेऊन, चडफडत. अण्णांकडं मी आता जात नाही. घोंगडी परत खुर्चीवर टाकली आहे, पण तिच्यावर पाठ टेकवत नाही. परवा उजेडात नेऊन मी तिच्या चारही कडा बोटांनी तपासल्या, मी तेव्हा तपासल्या होत्या तशाच. वीण कुठंही सैल नाही.