पाण्यातला बाळकृष्ण

वाचकहो, उभे असाल तर आधी बसून घ्या. एक अत्यंत गंभीर बातमी जाहीर करतो आहे. खालापुरातल्या आमच्या आळीत एक देव दोन वर्षं पाण्यात होता, आणि त्याला बुडवणारी बाई रोज सकाळी घंगाळात डोकावून विचारायची, "काय रं, तोंड उघडतोस का आज?"

आम्ही तिला मावशी म्हणायचो. आता हाक मारायला ती नाही. नवरा काविळीनं अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं चारचौघींसारखा देव पाण्यात घातला. बोटभर पितळी बाळकृष्ण, रांगता. माणूस बरं झालं की बाहेर काढायचा, असा रिवाज. माणूस गेलं. देव पाण्यातच राहिला.

आळीला हे झेपेना. कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा मॅट्रिकला आपटला, सगळ्याचं खापर त्या घंगाळावर. गुरुजी तर समजवायला जायचे आणि लालबुंद होऊन परतायचे.

"बाई, हा अपराध आहे."

"हायच. त्यालाच इचारा, का केलास म्हणून."

मीही एकदा मोठा आव आणून गेलो. देवाची इच्छा, कर्माची गती, सगळं काढलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलतोस बरा. आता जरा ते पाणी बदल." आणि मी, काय सांगू तुम्हाला, बदललं.

कारण पाणी रोज बदललं जायचं. थंडीत कोमट. "गार पाणी ह्यांना चालायचं नाय," म्हणायची. देवाची पूजा नवरा करायचा ना. भांडण देवाशी, आणि काळजी नवऱ्याच्या देवाची. हा गुंता कोणत्या पोथीनं सोडवायचा?

मग समोरच्या सुमनचा नवरा तापानं पडला. रसायनीला कारखान्यात जाणारा धडधाकट गडी, पण डॉक्टरांनी हात टेकले. मावशीला सगळ्यांत जास्त टोचून बोलणारी ही सुमन, तीच दारात आली. मी ओटीवरच होतो.

"मावशे, घंगाळ दे. आमचा देव तांब्यात मावत नाय."

मावशी जागची हलली नाही.

"नको गं बुडवू. मी हितं ह्याचं पाणी बदलीत बसले, आन् तिकडं माझं माणूस हाका मारून एकलंच गेलं. तेवढा वेळ मला का नाय सोडलंस, येवढंच इचारते ह्याला रोज. तू जा. हात धरून बस त्याचा."

"आन् देव?"

मावशीनं घंगाळात हात घातला. बाळकृष्ण नवऱ्याच्या जुन्या पंच्यानं पुसला आणि सुमनच्या ओंजळीत दिला.

"ह्याला उशाशी ठेव. लई सेवा घेतली त्यानं. आता बसू दे जरा आजाऱ्यापाशी."

पहाटे सुमनचा नवरा गेला. बायकोचा हात धरून गेला. उशाशी देव होता, पायाशी मावशी.

देव घरी आला तेव्हा आळीनं श्वास रोखला. हा पुन्हा घंगाळात जाणार, आणि आता कायमचा. तिनं त्याला देव्हाऱ्यात ठेवलं, कोरडाच.

तेवढ्यात गुरुजी ताम्हण, गोमूत्र, पंचामृत घेऊन धावत आले. देव मयताच्या घरातून आलेला, शुद्धी नको? त्यांनी पळी उचलली, आणि मावशी मध्येच बोलून गेली,

"ऱ्हाऊ द्या वो गुरुजी. आंघोळ मागनं घाला. रातभर जागलाय तो, निजू द्या."