बाहुलीघराची काच

आमचे हे, कुंडलिकराव, मानपाड्याच्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं लाकडी पॅटर्न करायचे. पार्ट आधी लाकडात घडवायचा, वाळूत त्याचा ठसा घ्यायचा, मग त्यात लोखंड ओतायचं, असं ते काम. फाउंड्री बंद पडल्यावर एका फर्निचरवाल्याकडे लागले. तिथे दुसऱ्यांनी केलेल्या कपाटांत ह्यांचे तीन ड्रॉवर बसलेच नाहीत. मालक म्हणाला, "काका, हात थकला आता." झालं! माणसाने ते इतकं मनाला लावून घेतलं की हत्यारांची पिशवी पलंगाखाली गेली ती दोन वर्षं बाहेर आली नाही. नुसते खिडकीत बसायचे. मला बाई बघवायचं नाही, आणि रागही यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत नात सान्वी ठाकुर्लीला आमच्याकडे राहायला आली. काड्यापेट्यांचे पलंग, बुचांची भांडी, असा बाहुलीचा अख्खा संसार तिने केलेला. "आजोबा, याला काचेचं घर करून द्या ना, चार खोल्यांचं!" हे नाही म्हणाले.

मी म्हटलं, "पोरीला नाही म्हणता? मग आज मीही जेवायला वाढत नाही!"

निघाली पिशवी. चार दिवस गॅलरीत भुसाच भुसा. जुन्या दिवाणाच्या फळ्यांतून खोल्या झाल्या, जिना झाला, काच सरकवायला खाचा पाडल्या. ह्यांनी लिहून दिलेल्या मापाची काच मी घेऊन आले. सरकवली, तर खाचेतून सुटून पुढे कलंडली. सान्वीने धरली म्हणून वाचली. दोन फुटांच्या काचेत चांगली पाव इंच कमी!

"मुडदा बशिवला त्या काचवाल्याचा!" मी चपला शोधायला लागले.

"त्याची चूक नाही," हे म्हणाले. "माझाच हात गेलाय, केशर." आणि रंधा पिशवीत टाकला.

सान्वी मात्र पुन्हा माप घ्यायला बसली. आजोबांच्या स्टीलच्या पट्टीशेजारी तिने आपली शाळेची पट्टी ठेवली. "आजोबा, तुमचा फूट मोठा आहे!"

हे वाकले. चष्मा पुसून परत वाकले. "अगं, ही तर ओतकामाची पट्टी!"

लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्नच्या पट्टीवरचे इंचच जरा मोठे असतात, फुटामागे सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ह्यांच्याकडे दोन पट्ट्या होत्या, दिसायला सारख्या. शेवटच्या दिवशी गडबडीत साधी कंपनीत राहिली आणि ही घरी आली. हिच्यावरची खूण तर कधीच झिजलेली.

"म्हणजे ते ड्रॉवर..." मी म्हटलं.

ह्यांनी घराची एकेक फळी त्या मोठ्या पट्टीला लावून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. मग हसायला लागले, आणि हसता हसता डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला सांगू!

कडेला खाचेची एक बारीक रीप लावली, काच झकास बसली. निघताना सान्वी आपली पट्टी दप्तरात टाकायला लागली.

"राहू दे गं ती माझ्याकडे," हे म्हणाले. "उद्या त्या फर्निचरवाल्याला एक ड्रॉवर करून दाखवायचाय."