देवाचं मडकं उपडं केलं तो रविवार

सोलापूर, १९७३. चर्चमध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार... आणि मी, बारा वर्षांची, दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली. पन्नास वर्षं झाली त्याला!

आधी मडक्याचं सांगते. आमच्या ख्रिस्ती घरांत एक रीत होती. दळण काढताना आधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं, देवाच्या मडक्यात. वर्षाकाठी उपकारस्तुतीला ते चर्चमध्ये नेऊन वेदीपुढच्या चादरीवर ओतायचं. उपासना झाली की सगळ्या वस्तूंचा लिलाव व्हायचा. कोंबड्या, भोपळे, अंडी... मजा असायची.

पण बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सगळी मजाच गेली. हंगामच नाही तर उपकारस्तुती कसली, म्हणून सण पुढे ढकलला. त्यात आबांची मिल बंद पडली. आबा खडी फोडायला जायला लागले, आम्ही तिघी बहिणी रेशनच्या रांगेत.

तरी आईची मूठ काही थांबेना! घरात शाळू होता तेव्हा शाळू टाकला. तो संपल्यावर मका. शेवटी रेशनचा तो लाल मिलो, परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी. वर आणखी राख आणि कडुलिंबाचा पाला घालायची, देवाच्या धान्याला कीड लागू नये म्हणून.

मला भयंकर राग यायचा. एकदा अर्ध्या भाकरीवर उठले होते, त्या दिवशी तोंडातून निघूनच गेलं, "देव काय उपाशी आहे का?"

आईने मारलं नाही. फक्त म्हणाली, "तो न्हाय गं उपाशी. पर आपुन त्याच्या हातात हाय, हे मला रोज आठवाया लागतंय की." मला काही ते पटलं नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मी रात्रीची प्रार्थनासुद्धा नुसते ओठ हलवून करत होते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी सण जाहीर केला. पण मिल बंदच होती. आबांचं ठरलं होतं, सण झाला की भिवंडीला जायचं, मागाच्या कामाला. गाठोडी बांधून झाली होती. माझी शाळा सुटणार होती, आणि शाळा सुटणं म्हणजे माझ्यासाठी सगळंच सुटणं होतं.

तर तो रविवार... आबांनी मडकं खांद्यावरून उतरवलं. वरती लालभडक मिलो दिसत होता. लोकांनी आणलेले भोपळे, कणसं, आणि आमचा हा मिलो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांनी मडकं उपडं केलं. आधी मिलो पडला. मग पिवळा मका. आणि मग... सगळ्यात शेवटी, तळाचा शाळू! पांढराशुभ्र, टपोरा, दोन-अडीच पायली तरी असेल. तो असा वरून पसरला की खालचा मिलो झाकूनच गेला.

मंगळवेढ्याकडून सणाला आलेले शामुवेलकाका चटकन उठले. शेतकरी माणूस. मूठभर शाळू हातात घेऊन त्यांनी फुंकर मारली, राख उडवली, एक दाणा दाताखाली फोडला.

"साहेब, ह्याचा लिलाव करू नगा," ते म्हणाले. "हे खायचं न्हाय, पेरायचं हाय! आमच्याकडं लोकांनी बियाणंसुदिक खाल्लंय. रानात वल हाय, पर बी कुटं हाय?"

तिथल्या तिथे ठरलं. रान काकांचं, बी देवाचं आणि राबणूक आबांची. पिकाचे तीन वाटे. पण एक अट होती. बी जुनं होतं, उगवतंय का ते आधी बघायचं. काकांनी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून आईकडे दिले आणि स्वतः पाळकसाहेबांकडे मुक्कामाला राहिले.

मोड आले तर आम्ही राहणार. नाही आले तर भिवंडी.

सोमवारी मी दहा वेळा तरी ते फडकं उघडलं असेल. काही नाही... शेवटी आईने ते माझ्यापासून लपवून ठेवलं. मग मी एकटी मोरीजवळ बसले आणि कित्येक महिन्यांनी खरी प्रार्थना केली. कसली प्रार्थना, भांडणच होतं ते! रडत रडत म्हटलं, प्रभू, आईला खोटं पाडू नकोस.

मंगळवारी सकाळी काका आले. आईने फडकं उघडलं... आणि मी ओरडलेच! मोड! पांढरे, इवलेसे, दहाबारा दाणे सोडले तर सगळ्यांना मोड!

आई हसत होती आणि डोळे पुसत होती. "तिसऱ्या दिवशी," एवढंच म्हणाली. आमच्या घरात याचा अर्थ कुणाला सांगायला लागत नव्हता. वधस्तंभावर गेलेला प्रभू उठला आणि त्याची कबर रिकामी झाली, तोही तिसराच दिवस होता.

गाठोडी सुटली. आबा काकांबरोबर पेरणीला गेले आणि माघ संपता संपता आमच्या वाट्याची दोन पोती दारात उतरली. मी शाळेत राहिले, शिकले, पुढे छत्तीस वर्षं शाळेतच शिकवलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्याच मंगळवारची संध्याकाळ. घरात तोच लाल मिलो होता. आईने रिकामं मडकं धुऊन पुसून जागेवर ठेवलं आणि मला हाक मारली, "ये, आज तू टाक."

मी मूठ भरली... अगदी गच्च. देव उपाशी नव्हता, हे मला आता कळलं होतं. उपाशी मी होते, आणि तो ते विसरला नव्हता.