फुकट दिलेल्या प्रोग्रामची अट

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बारामतीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. शाळेचं वेळापत्रक लावून देणारा, एका परदेशी माणसानं लिहिलेला प्रोग्राम मला इंटरनेटवर सापडला. त्यात मी मराठी अक्षरं बसवली, शनिवारची सकाळची शाळा घातली आणि आसपासच्या शाळांना फ्लॉप्या वाटून टाकल्या. प्रोग्राम फुकटच होता. त्याच्या लायसनात अट एवढीच, की कुणीही वापरा, बदला, विका. पण पुढं देताना लेखकांची नावं ठेवा आणि सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, सोबत द्या.

एक दिवस लोणी भापकरच्या हेडमास्तरांनी कौतुकानं त्यांचा नवा प्रोग्राम दाखवला. पडद्यावर इंदापूरच्या एका दुकानाचं नाव! खाली ‘शारीरिक शिक्षण’मध्ये मी केलेली ऱ्हस्वदीर्घाची चूक मात्र जशीच्या तशी. माझी चूकसुद्धा उचलली होती. राग आला आणि हसूही.

ओळखीच्या वकिलांनी इंग्रजी लायसन उलटसुलट चाळलं. “फुकट वाटलंत. मग कोर्टात नुकसान काय सांगणार?”

“अट मोडली ना!”

“मोडली. पण मूळ लेखक परदेशात, त्याच्या भागासाठी त्यानंच यायला हवं. तुमच्या भागापुरती केस करू. निकाल लागेस्तोवर फ्लॉप्या कोण वापरतंय?”

मी मूळ लेखकाला ईमेल केली. उत्तर आलं, आधी गोडीनं विचारून बघा. म्हणून एसटीनं इंदापूर गाठलं.

दुकानदार पन्नाशीचे, सगळे त्यांना तात्या म्हणत. मी ओळख सांगितली तसे ते म्हणाले, “फुकटचं हाय म्हणून तर घेतलं, ताई! त्यात कसली अट?”

“तात्या, नाव काढायचं नाही आणि सोर्स द्यायचा.”

“माझ्याकडंच न्हाय, तर देऊ कुठनं?”

खरंच नव्हता. कुणीतरी त्यांना नुसता चालता प्रोग्राम दिला होता. नावं वेगळ्या फाइलीत होती, तेवढी त्यांनी बदलली होती. चहा आला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “भिगवणची एक शाळा वेळापत्रकात आठाच्या पुढं नववा तास मागतीया. चार दिस झालं, जमंना.”

“सोर्स असता तर जमलं असतं.”

“व्हय?” ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

माझ्या पर्समध्ये सोर्सची फ्लॉपी होती. दुपारभर बसून आम्ही नववा तास घातला. तात्यांनी प्रत्येक ओळ काय करते ते विचारून घेतलं आणि शेवटी लेखकांची नावं स्वतः टाइप केली. त्याखाली “दुरुस्ती” म्हणून त्यांचंही नाव घालायला मी सांगितलं, तेव्हा गडी लाजला.

पुढच्या फ्लॉप्या सोर्ससकट गेल्या. आधीच्या सगळ्या काही परत आल्या नाहीत. कोऱ्हाळ्याच्या शाळेत वर्षभर दुकानाचंच नाव झळकत होतं. शेवटी मीच जाऊन फ्लॉपी बदलली आणि मास्तरांनी आग्रहानं दिलेला उसाचा रस पिऊन परत आले.