खारटेंभीचा जांभळा रंग

नाव महिपती, आणि मालकीची जमीन म्हणाल तर दारापुढच्या पायरीएवढी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तो रंगकाम करायचा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्याकडे. ती करताना श्वास रोखायचा आणि झाली की गल्लीभर ऐकू जाईल असा सोडायचा; हेतू हा, की कोणी आत डोकावावं आणि ‘छान’ म्हणावं. बायको म्हणायची, “यांना भात कमी वाढला तरी चालंल, छान तेवढं दोनदा वाढा.”

सन साठ-बासष्टचा सुमार. निवडणूक हैबतरावांच्या पक्षाने जिंकली होती आणि तालुक्यातली कामं कुठे करायची ते हैबतरावांच्या बैठकीच्या खोलीत ठरू लागलं होतं. त्याच दिवसांत महिपतीची धाकटी बहीण मालू खाडीकाठच्या खारटेंभीहून आली. गावच्या बाहेरच्या बांधाला भगदाड पडलेलं. दगडमातीने ते बुजवलं नाही, तर पुढच्या उधाणाला खाडी थेट भातात.

“दादा, हैबतरावांकडे तुझी ऊठबस हाय. आमच्या बांधाचं बघ.”

“बघतो गो. तू खुशाल जा,” महिपती म्हणाला. ऊठबस कसली? वर्षातून एकदा त्यांच्या घरचा गणपती पोचवायचा आणि पेढा खाऊन परत यायचं.

पण बोलावणं खरंच आलं. हैबतराव रोह्याला गेले होते. तिथल्या एका पुढाऱ्याकडे तालुक्याचा नकाशा होता आणि जिंकलेल्या गावांत टाचण्या खोचलेल्या. हैबतरावांची झोप उडाली. बैठकीच्या खोलीची भिंत दाखवत ते महिपतीला म्हणाले, “रोह्यात टाचण्या, तर पेणात आख्खी भिंत! आपली गावं शेंदरी, त्यांची जांभळी. कर सुरू.”

मतं तेव्हा गावागणिक मोजत, त्यामुळे कुठलं गाव कोणाचं ते चहाच्या टपरीलाही पाठ. कारकून गाव वाचायचा आणि महिपती रंग भरायचा. जोहे, शेंदरी. पुढचं, शेंदरी. मग कारकून म्हणाला, “खारटेंभी. थोडक्यात गेलं, पण गेलं.”

आता खारटेंभी म्हणजे चिखल, मिठागरं आणि भाताची खाचरं धरून केवढा तरी विस्तार. माणसं मात्र पेणच्या एका आळीत मावतील एवढीच. महिपतीचा हात थबकला.

“साहेब, प्रत्येक गावाखाली मतांचा आकडा घालू?”

“आकडे कागदावर असतात रे. भिंतीवर चित्र पाहिजे, चित्र!”

महिपतीने जांभळा ढवळला. मूर्तीच्या शेल्यासाठी त्याने स्वतः जमवलेला रंग तो. असा जांभळा आख्ख्या पेणात कोणाकडे नव्हता. फिका करावा असं मनात आलं, पण फिका रंग काय शोभणार? त्याने दोन हात दिले आणि खाडीच्या कडेने सोनेरी रेघ ओढली.

हैबतराव चार पावलं मागे सरकले. “बाप रे, एवढा मोठा तुकडा आपल्या विरोधात? पण छान केलंस हो, महिपती. छान!”

महिपतीला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला.

आठवड्याने बांधांच्या कामांची बैठक भरली. महिपती कोपऱ्यात रेघा दुरुस्त करत बसला होता. खरं तर दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नव्हतं, पण लोक चित्राचं कौतुक करत होते. खारटेंभीचा अर्ज निघाला. हैबतरावांनी भिंतीकडे पाहिलं. “हे एवढं जांभळं? आधी आपल्या शेंदऱ्यांचं बघू. ह्यांचं पुढच्या साली.”

साहेब, तो चिखल हाय, चिखलाला मत नसतं, आणि अर्धं गाव तुमच्याच बाजूचं: एवढंच बोलायचं होतं. महिपतीने ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ धुतला.

भाद्रपदातल्या उधाणाने बांध नेला. लोंबीवर आलेलं भात खारं झालं. मालू नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर निघाली, जाताना पेणला थांबली. हैबतरावांच्या खोलीबाहेर उभं राहून तिने भिंत पाहिली.

“हे आमचं?”

“व्हय.”

“दादा, आमच्या गावात मानसा किती, आन् तू रंगवलंस किती!” मग आत येऊन बोट सोनेरी रेघेवर फिरवत म्हणाली, “आन् हा बांध बघ कसा शाबूत हाय.”

तिने पदर खोचला आणि एसटीकडे निघाली. पुढच्या भाऊबीजेला ती आली नाही. त्याच्याही पुढच्या नाही.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक, पुन्हा बोलावणं. कारकून गावं वाचत होता. खारटेंभी आलीच नाही.

“ती राहिली,” महिपती म्हणाला.

“तिथे आता कोण हाय मत द्यायला? चुना फासून टाक.”

महिपतीने चुना फासला. वाळल्यावर जांभळा आतून वर आला. पुन्हा फासला, पुन्हा आला. तो तिसरा हात देत होता, तेव्हा हैबतराव मागे येऊन उभे राहिले.

“पक्का रंग हो तुझा, महिपती. छान!”