कांदेवाल्या शेवाळे मॅडम

शेवाळे मॅडमचा जीवशास्त्राचा तास संपला की अख्खा वर्ग डोळे पुसत बाहेर यायचा. नवे हेडसर एकदा धावतच आले. त्यांना वाटलं, बाईंनी सगळ्यांना बदडलं! आत मॅडम स्वतःच नाक ओढत, कांद्याच्या गाळलेल्या पाण्यावर गार स्पिरिट सोडत होत्या. पांढरे धागे तरंगले तशा त्या हेडसरांवरच ओरडल्या, "दखा, दखा! हा डीएनए!" मॅडम सटाण्याकडच्या. आनंद झाला की त्यांची अहिराणी बाहेर पडायची.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी काही वर्षं द्राक्षांच्या डीएनएवर काम केलं होतं. भुरी रोगापुढे कोणती वेल टिकेल, ते त्या शोधत. ते सोडून त्या चांदवडला आमच्या शाळेत का आल्या, यावर गावात हव्या तेवढ्या कंड्या पिकल्या. आम्ही सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, तिथे धागे दिसले की मी एकटीच खूश व्हायचे. कंटाळले." एवढंच. आमच्या प्रत्येक शंकेवर त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे : "असं का, ते नंतर. आधी असं आहे का, ते बघ."

दहावीनंतर मला विज्ञान घ्यायचं होतं आणि त्यासाठी नाशिकला मावशीकडे राहावं लागणार होतं. माझे वडील, दादा, कांद्याचे व्यापारी. "एवढ्या लांब ठिवून शिकवायचं काय, तर डोळ्याला दिसत नाय ते?" म्हणून ते अडून बसले. मी रडले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. शेवटी मॅडमच घरी आल्या. "दिसतं की. दाखवते."

पण त्याही कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. भर उन्हाळ्यात दादांशी भाव, कांदा साठवायची चाळ, सड यांवर त्यांच्या गप्पा अशा रंगल्या की चहा दोनदा झाला. मग स्वयंपाकघरात कांदा बारीक झाला, मीठ पडलं, भांडी घासायचं लिक्विड पडलं, पाणी गाळलं. मॅडमनी पिशवीतून बाटली काढून स्पिरिट सोडलं.

काहीच आलं नाही. नुसतं गढूळ पाणी.

"आमचा मिक्सरच जुना झालाय, मॅडम," आई घाईघाईने म्हणाली. पाहुणीची लाज राखायला दादाही पुढे सरसावले, "आमचा मालच हलका आसंल." स्वतःच्या मालाला हलका म्हणताना मी त्यांना त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

"माल चांगला आहे, दादा," मॅडम म्हणाल्या. "स्पिरिट बर्फासारखं गार लागतं. मी गप्पा मारत बसले आणि ते तापलं. चूक माझी. बाटली फ्रीजरमध्ये ठेवा, पुन्हा करू." आणि त्या निवांत शेंगदाणे खात बसल्या. त्या घटकेला मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की विज्ञान मिळो न मिळो, असं माणूस व्हायचं हे मी ठरवून टाकलं.

दादा आईला हळूच म्हणाले, "बाजारात चांगला कांदा वर, आन् सडका खाली. जलम गेला माझा त्यो हुडकन्यात. ही बाई सडका आपल्या हातानं वर ठिवती." आणि ते उठून बाहेर गेले.

बाटली गारठली. मॅडमनी पुन्हा स्पिरिट सोडलं, आणि आले धागे, पांढरेशुभ्र. आई चष्मा लावून वाकून बघत राहिली. मी दादांना बोलवायला धावले. ते दारापुढच्या ओट्यावर उभे राहून मावशीशी फोनवर बोलत होते.

"धागे आले, दादा! चला ना बघायला."

त्यांनी हातानेच मला थांबवलं आणि फोनमध्ये म्हणाले, "हां, तर जूनपासून पोरगी तुमच्याकडंच ऱ्हाईल."