हसऱ्या तोंडावरचं बोट

हा अनुभव सांगायचा तर आधी माझी चूक सांगावी लागते, आणि ती सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून इतके दिवस गप्प होते. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली. आमचं घर लिंगायताचं. सोमवार धरते, सकाळची लिंगपूजा कितीही घाईत असले तरी चुकवत नाही, आणि कपाळाला विभूती लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. माझ्या हाताला देवाचा गुण आहे असं वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पण गेल्या श्रावणात एका सोमवारी जे घडलं, त्यानंतर कितीतरी दिवस एकच प्रश्न मला खात होता. माझी भक्तीच कुणाच्या जिवावर उठली होती का?

दुखणं मोजायचं कसं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. ताप काचेत दिसतो, नाडी बोटाला लागते, दुखणं मात्र ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून पेशंटला विचारायचं, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? आता आमच्या भागातला माणूस असा आकडा सांगत नसतो. तो म्हणतो, "हाय थोडं," किंवा "चाललंय बघा," आणि त्या थोड्यात काय काय मावलेलं असतं ते महादेव जाणे. त्यासाठी आमच्याकडे एक जाड कागदाचं कार्ड आलं होतं. त्यावर ओळीनं सहा तोंडं. एका टोकाला हसरं, मग हळूहळू उतरत जाणारी, आणि शेवटचं डोळ्यांतून टिपं गाळणारं. पेशंटनं बोट ठेवायचं, आम्ही खालचा आकडा कागदावर लिहायचा. सोपं काम. माझ्या वॉर्डचे कागद कसे चोख भरलेले असतात, असं दवाखान्याचे मोठे साहेब चारचौघांत सांगायचे.

महानंदा नांदूरघाटाकडची. नवऱ्याचं किराणा दुकान. रविवारी दुपारी फळीवरचा तेलाचा डबा काढायला ती स्टुलावर चढली, स्टूल सरकलं, आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. संध्याकाळी डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि पाय उशीवर उंच ठेवून तिला माझ्या वॉर्डात झोपवलं. सोमवारी सकाळी आठला मी ड्युटीवर आले, तेव्हा ही बाई कॉटवर टेकून बसलेली, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले, कपाळावर विभूतीची तीन बोटं. पाय मोडलाय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि पूजा चुकवली नाही. मला भरून आलं. मी घरी घड्याळाकडे बघत पूजा उरकून आलेली, मला माझीच लाज वाटली.

तिची पूजा होईपर्यंत मी थांबले. मग काही न सांगता नुसतं कार्ड तिच्यापुढे धरलं. तिनं सगळी तोंडं एकदा नीट न्याहाळली, आणि हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. वर ते बोट कपाळाला लावलं. "शाब्बास गं बाई," मी म्हणाले, "श्रद्धा असावी तर अशी." आणि कागदावर शून्य लिहून सही केली. दहा वाजता पुन्हा कार्ड धरलं, पुन्हा हसरं तोंड, पुन्हा शून्य. शेजारच्या कॉटवरची बाई सकाळपासून कण्हत होती. तिला मी महानंदाकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ जरा हिच्याकडं, शिक काहीतरी." हे वाक्य आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

बाराच्या सुमारास मी तिच्या कॉटजवळून जात होते, तर तिनं माझ्या साडीचा काठ धरला. हळूच म्हणाली, "सिस्टर, पोटरी आतून लई आवळल्यावानी व्हायलीय." मी थांबले. पण वाकले नाही, पाय उघडा करून बघितला नाही. म्हणाले, "प्लास्टर नवं हाय, ताणल्यासारखं वाटतंच. नाव घे महादेवाचं." ती बरं म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. बारा वाजताच्या रकान्यात मी तिला न विचारताच शून्य लिहिलं. तिनं तोंडानं सांगितलं होतं, माझ्या कानानं ऐकलं होतं, आणि माझ्या हातानं शून्य लिहिलं. कुणी मला विचारलं नाही म्हणून ही गोष्ट लपून राहिली असती, पण ज्याच्या नावानं मी तिला गप्प केलं त्याच्यापासून ती कुठे लपणार होती?

अर्ध्या तासानं भेटीची वेळ झाली. वॉर्डात डबे, पिशव्या, चपलांचा आवाज सुरू झाला. महानंदाचा नवरा उपासाचं काही मिळतंय का बघायला बाहेर गेला होता. तेवढ्यात एक म्हातारी आत आली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, दम लागलेला. मी औषधाच्या कपाटापाशी होते, तिथूनच विचारलं, "कुणाकडं आलात मावशी?" तर म्हणाली, भाचीकडं, तलवाड्याहून आले. भाचीचं नाव सांगितलं, त्या नावाचं आमच्याकडे कुणीच नव्हतं. कुणीतरी तिला चुकीच्या गावचा दवाखाना सांगितला होता, आणि ती दोन एसट्या बदलून इतक्या लांब आली होती. मी म्हणाले, बसा घडीभर, पाणी प्या, मग बघू. ती जवळच्या कॉटवर टेकली. ती कॉट महानंदाची होती.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका पेशंटच्या कॉटवर रिकाम्या हातानं बसत नाहीत. ओळख असो नसो, पाय दिसले की हात जातोच. तिनं महानंदाला विचारलं, "एकलीच हायस का गं लेकी?" आणि चादर बाजूला करून प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं हातात घेतली. मग जशी घरोघर बायका शिणलेल्या माणसाच्या पायाची बोटं ओढतात, तसा तिनं महानंदाचा अंगठा धरून हलकेच वर ओढला.

ती किंकाळी मी औषधाच्या कपाटापाशी ऐकली. बावीस वर्षांत बाळंतपणं पाहिली, अपघात पाहिले, पण तसं ओरडणं क्वचितच कानावर आलं असेल. मी धावत गेले ती रागानंच. "अहो मावशी, मोडका पाय हाय तो, कशाला हात लावलात, अक्कल हाय का न्हाई?" म्हातारी घाबरली नाही. ती बोटांकडेच बघत होती. "बाई," ती म्हणाली, "म्या नुसतं बोट धरलं. मोड नडगीला हाय, मग अंगठ्याला ही इतकी का म्हून वरडली? आन् हे बघा की, पाय मढ्यावानी गार पडलाय."

मी हात लावला. बोटं खरंच गार होती, पांढुरकी पडलेली, जोडव्यांच्या जागी कातडी तुकतुकीत ताणलेली. मी लगेच डॉक्टरांना बोलवायला माणूस धाडला. कारण ही गोष्ट मला माहीत होती. मोडलेल्या पायाला आतून सूज चढते, बाहेरून प्लास्टर घट्ट, सुजेला जायला जागा नाही, मग आतलं रक्त अडतं आणि मांस मरायला लागतं. त्याची पहिली खूण म्हणजे सोसवणार नाही असं दुखणं. आणि ते तपासायचं असतं बोट ओढूनच. डॉक्टरांनी जे केलं असतं ते एका वाट चुकलेल्या म्हातारीनं माया म्हणून केलं होतं, आणि मी, जिला हे शिकवलं होतं, तिनं तीन वेळा शून्य लिहिलं होतं.

पुढचं सगळं घाईत झालं. डॉक्टर आले, प्लास्टर वरपासून खालपर्यंत कापून उघडलं, पोटरी दगडासारखी टणक झालेली. त्यांनी कागद हातात घेतला, शून्य बघितलं, माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाले, आत्ताच्या आत्ता बीडला न्या, चीर देऊन दाब मोकळा करावा लागेल, उशीर झाला तर पाय काढावा लागेल. ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याबरोबर मी बसले. बसायची पाळी माझी नव्हती, पण मी कुणाचं ऐकलं नाही.

मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांची रांग होती, गाडी थोडी अडली. महानंदानं माझा हात घट्ट धरला होता. मी न राहवून विचारलं, "अगं, इतकं दुखत होतं, मग हसऱ्या तोंडावर बोट का ठेवलंस?" ती माझ्याकडे नवलानं बघायला लागली. म्हणाली, "सिस्टर, तुमी पूजा हुस्तवर थांबलात, मग कार्ड म्होरं धरलं. म्या समजले, काय पायजे ते मागायचं असतंय. सोमवारच्या दिवशी रडकं तोंड कोण मागंल?"

तिनं देवापुढे मागावं तसं मागणं मागितलं होतं आणि मी ते दुखणं म्हणून लिहून मोकळी झाले होते. कार्डाची चूक नाही, तिचीही नाही. हसरं तोंड बघून मला बरं वाटलं होतं, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. गाडीत बसल्या बसल्या मी महादेवाला म्हणाले, माझ्या सोमवारांचं काय पुण्य असेल नसेल ते घे, पण हिचा पाय राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढे अशी रडले असेन. आतापर्यंत मी त्याला नुसतं "सगळं तुझ्या कृपेनं बरं आहे" एवढंच सांगत आले होते.

संध्याकाळपर्यंत ऑपरेशन झालं. पाय वाचेल असं वाटतंय, पण आठवडा बघावा लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन तिन्ही शून्यांची हकिगत जशीच्या तशी सांगितली. जी बोलणी बसायची ती बसली. तलवाड्याची मावशी मात्र त्या गोंधळात कधी निघून गेली ते कुणालाच सांगता येईना. पाणी पिऊन गेली, एवढंच शेजारची म्हणाली. तिला भाची भेटली असेल का, हे मला अजून वाटत राहतं. ती चुकून आली होती. यापेक्षा जास्त मी काही म्हणत नाही, कुणाला पटवायलाही जात नाही. रोज पूजेनंतर तिच्या नावाचं एक बेलाचं पान मात्र वाहते, नाव माहीत नसलं तरी.

सुट्टीच्या दिवशी मी महानंदाला बघायला बीडला गेले. दहा-बारा दिवस झाले असतील. नेमकी तिच्या ड्रेसिंगची वेळ होती. पडद्याच्या आतून तिचा आवाज सगळ्या वॉर्डात घुमत होता. "अहो हळू की, माणूस हाय का कोण तुमी. आई आई आई. सोडा म्हणते ना." हीच का ती, हसऱ्या तोंडावर बोट ठेवणारी, असं मला वाटलं. डॉक्टर बाहेर येत होते. मी भीत भीत विचारलं, फार त्रास होतोय का तिला? तर ते म्हणाले, "होऊ द्या सिस्टर. मांस जिवंत आहे म्हणून दुखतंय. पाय राहिला तिचा."

मी पडदा सारून आत गेले. मला बघताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सिस्टर, लई दुखायलंय," ती म्हणाली, "सांगा की ह्यांना." देवाला शरण जायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं, असं मी जन्मभर समजत आले आणि दुसऱ्यांनाही शिकवत आले. पण त्याच्या पायाशी जायचं ते आपलं दुखणं घेऊनच, आणि कुणीतरी ते ऐकावं म्हणून तो कधी कधी तलवाड्याहूनसुद्धा माणूस पाठवतो. मी मनातल्या मनात हात जोडले. मग ड्रेसिंग करणाऱ्याचा हात धरला आणि म्हणाले, "थांबा जरा. तिला दुखतंय."